शेलच्या कोरची पल्स डिके टेस्ट दुपारी एक आकडा आणि रात्री दुसराच देत असेल तर

शेल या घट्ट दगडाचा तोच कोर (जमिनीखालून काढलेला गोल नमुना), तेच प्रेशर, तोच नायट्रोजनचा सिलिंडर, हात लावणारी माणसंही तीच, तरी सकाळी नऊला टेस्ट लावली की परमिएबिलिटी (दगड गॅसला किती सहज जाऊ देतो त्याचं माप) १८ नॅनोडार्सीच्या आसपास यायची, दुपारी दीड-दोनला लावली की ५० च्या वर जायची, आणि रात्रभर चालू ठेवलेल्या टेस्टमधला पहाटेचा तुकडा उचलून त्यावर लाइन बसवली तर आकडा चक्क निगेटिव्ह. निगेटिव्ह म्हणजे गॅस कमी प्रेशरकडून जास्त प्रेशरकडे चाललाय, जे होऊच शकत नाही. फोंड्याजवळच्या आमच्या लॅबमध्ये हे सलग तीन उन्हाळे झालं. पाऊस सुरू झाला की त्रास कमी व्हायचा आणि आम्हाला वाटायचं की मे महिन्यात बदललेल्या ओ-रिंगने काम केलं, मग फेब्रुवारी सरली की परत तेच. आता मूळ सापडलंय, एक अख्खं वर्ष नीट गेलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कारण ज्यांच्याकडे टाइट, म्हणजे गॅस जेमतेम जाऊ देणाऱ्या, दगडावर काम चालतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या डेटात हाच दोष लपलेला असणार असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी ही टेस्ट नुकतीच सुरू केलीय त्यांच्यासाठी थोडं सांगते. नेहमीच्या सँडस्टोनची परमिएबिलिटी मिलिडार्सीत मोजतात, त्यातून गॅस सरळ वाहवायचा आणि फ्लो मोजायचा, काम झालं. शेल मात्र नॅनोडार्सीत असतो आणि एक मिलिडार्सी म्हणजे दहा लाख नॅनोडार्सी, त्यामुळे तिथे फ्लो इतका बारीक की मीटरला कळतच नाही. म्हणून कोरच्या दोन टोकांना दोन छोटी बंद भांडी जोडतात, सगळीकडे सारखं प्रेशर भरून घेतात, मग वरच्या, म्हणजे अपस्ट्रीमच्या, भांड्यात थोडं जास्तीचं प्रेशर, म्हणजे पल्स, सोडतात आणि दोन्हींतला फरक किती वेगाने कमी होतो ते बघत बसतात. १९६८ साली ब्रेस, वॉल्श आणि फ्रँगोस यांनी ग्रॅनाइटसाठी ही पद्धत वापरली आणि आज शेलसाठी जगभर तीच चालते. आमची भांडी १० सीसीची, कोर एक इंच जाड आणि दोन इंच लांब, प्रेशर १००० पीएसआय आणि पल्स ३० पीएसआयचा.

आता आम्ही काय काय चुकीचं केलं ते आधी सांगते, कारण तुम्हीही याच क्रमाने जाल.

पहिला संशय लीकवर. साबणाचं पाणी लावून प्रत्येक फिटिंग तपासलं, हेलियम भरून रात्रभर ठेवलं, दोन फेरूल बदलले, कोरवरची व्हिटॉन रबराची स्लीव्ह नवीन टाकली. काही फरक नाही. (प्रेशर भरलेलं असताना फिटिंग आवळायचं नाही, कितीही घाई असली तरी, आधी ब्लीड करायचं, म्हणजे प्रेशर सोडून द्यायचं, मगच पाना लावायचा.) मग प्रेशर मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरवर संशय, दोन्ही काढून कॅलिब्रेट करून आणले, ठणठणीत होते. मग सर म्हणाले दुपारी लॅब तापते, एसी कमी पडत असेल, म्हणून दीड टनाच्या जागी दोन टनाचा बसवला. त्याने प्रॉब्लेम आणखी वाढला! आधी प्रेशरची लाइन नुसती तिरकी जायची, आता तिच्यावर लाटा दिसायला लागल्या, साधारण १८ मिनिटांनी एक. ती लाट म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद होण्याची वेळ होती हे मला त्याच आठवड्यात कळायला हवं होतं, पण मी ती इलेक्ट्रिकल नॉइज समजून सॉफ्टवेअरमध्ये स्मूद करून टाकली. हे करू नका. लाट काय सांगतेय ते आधी ऐकून घ्या आणि मगच फिल्टर लावा.

एक खूण तर त्याआधीच मिळाली होती. त्याच्या आदल्या वर्षी चवथीच्या सुट्टीत एक टेस्ट चार दिवस तशीच चालू राहिली, लॅबला कुलूप, एसी बंद, दार उघडायला कोणी नाही, बाहेर पाऊस. परत येऊन बघितलं तर इतका स्वच्छ कर्व्ह की मी त्याची प्रिंट काढून टेबलावर चिकटवली. का स्वच्छ आला हे मात्र कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. चांगला रिझल्ट आला की आपण कारण शोधत नाही, आणि माझी एक वर्षाची मेहनत तिथे वाया गेली.

उलगडा झाला तो आमच्या लॅबमधल्या काकांमुळे. एप्रिलची दुपार, तीन वाजले असतील, मी स्क्रीनसमोर बसले होते, फरक नेहमीसारखा भराभर उतरत होता. काका चहा घेऊन आले आणि कप ठेवायला त्यांनी दुसरा हात भिंतीला टेकवला तो लगेच काढून घेतला. म्हणाले, "बाय, ही भिंत बघ गं, तव्यासारखी तापलीय. तुझं ते खालचं भांडं हिच्याच अंगाला आहे ना?" मी उठून हात लावला. चिऱ्याची भिंत, पश्चिमेची, दुपारचं ऊन थेट तिच्यावर, आणि डाउनस्ट्रीमचं, म्हणजे खालचं, भांडं तिच्यापासून चार बोटं अंतरावर. मग मान वर करून बघितलं तर अपस्ट्रीमचं भांडं बरोबर एसीच्या झोताखाली. म्हणजे एक भांडं तापत होतं आणि दुसरं गार होत होतं, दोन्ही एकाच टेबलावर, मध्ये जेमतेम दीड फूट.

त्याच संध्याकाळी कोर काढून त्या मापाचा भरीव स्टीलचा प्लग बसवला. स्टीलमधून गॅस जात नाही, तेव्हा ३० चा फरक दिवसभर ३० च राहायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पल्स दिला, चारपर्यंतचा डेटा घेतला, तोच फॉर्म्युला लावला आणि स्टीलची परमिएबिलिटी आली ३२ नॅनोडार्सी. कोरचे खरे १८ आणि हे खोटे ३२ मिळून ५०. मी तो आकडा तीनदा परत काढला, मग शांतपणे वहीत लिहिला आणि गेल्या तीन उन्हाळ्यांतल्या सगळ्या दुपारच्या टेस्टवर लाल पेनने काट मारली. पस्तीस टेस्ट होत्या. त्या काढताना वाईट वाटलं पण त्या ठेवल्या असत्या तर झोप लागली नसती.

गणित बघा, सोपं आहे. बंद भांड्यातल्या गॅसचं प्रेशर त्याच्या केल्विन टेंपरेचरच्या प्रमाणात बदलतं. खोलीचं टेंपरेचर साधारण ३०० केल्विन, प्रेशर १००० पीएसआय, म्हणजे एक डिग्रीला सव्वातीन पीएसआयच्या थोडं वर. आणि आमच्या भांड्यांच्या मापात, ३० च्या पल्सला, ४० नॅनोडार्सीचा दगड सुरुवातीला तासाला तीन पीएसआयने फरक कमी करतो. म्हणजे तासाभरात दोन भांड्यांमध्ये एक डिग्रीचा फरक पडला की चाळीस नॅनोडार्सी फुकटात तयार! तुमची भांडी मोठी असतील तर हा त्रास आणखी वाढतो, कारण भांडं मोठं असलं की खरा फ्लो प्रेशर हळू बदलवतो पण टेंपरेचरचा परिणाम तेवढाच राहतो. हे मला फार उशिरा लक्षात आलं, मी उलट समजत होते की मोठं भांडं म्हणजे स्थिर भांडं.

इथे एक फसवी गोष्ट आहे. दोन्ही भांडी सारखीच तापली तर दोन्ही प्रेशर एकत्र वर जातात, फरक जवळजवळ तसाच राहतो आणि फारसं बिघडत नाही. म्हणून फक्त फरकाचा ग्राफ बघायची सवय सोडा, दोन्ही प्रेशर वेगवेगळी काढून बघा. खरा फ्लो असेल तर वरचं जेवढं उतरतं साधारण तेवढंच खालचं चढतं आणि दोघांचा वेग हळूहळू मंदावत जातो. दोन्ही एकत्र चढतायत किंवा एकत्र लाटा मारतायत, तर ते टेंपरेचर. दोन्ही एकत्र आणि एकाच दिशेने खाली चाललीत, तर लीक बघा, पण मिथेन किंवा कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर शेलमधलं ऑर्गॅनिक मटेरियल गॅस शोषून घेतं तेव्हाही अगदी असंच दिसतं, तिथे एकदा हेलियमने टेस्ट घ्या, हेलियम चिकटत नाही. आमच्या बाबतीत वरचं उतरत होतं आणि खालचं चढत होतं, हुबेहूब फ्लोसारखं, म्हणून तीन वर्षं फसलो. पण नीट मोजलं तेव्हा दिसलं की वरचं एक पीएसआय उतरतंय आणि खालचं दीड-पावणेदोन चढतंय. त्या जास्तीच्या पाऊण पीएसआयने सगळं सांगितलं असतं, बघितलं असतं तर.

आता जरा खोलात, कारण मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते. आपल्या डोक्यात असं बसलेलं असतं की दगडात प्रेशर पटकन पसरतं आणि उष्णता सावकाश जाते. मिलिडार्सीच्या दगडात ते खरं आहे, तिथे प्रेशर हजारो पटींनी पुढे असतं. पण ४० नॅनोडार्सी, ५ टक्के पोरोसिटी (दगडातली मोकळी जागा) आणि आमचं प्रेशर धरून गॅसच्या प्रेशरची डिफ्युझिव्हिटी, म्हणजे ते किती वेगाने पसरतं ते, काढलीत तर ती दर सेकंदाला एक चौरस मीटरच्या दहा लाखाव्या भागाच्याही साधारण एक-तृतीयांश येते, आणि दगडातल्या उष्णतेची डिफ्युझिव्हिटी साधारण तोच दहा लाखावा भाग. म्हणजे शेलमध्ये उष्णता गॅसच्या पुढे पळते! दोन इंचाच्या कोरच्या एका टोकाची ऊब दुसऱ्या टोकाला पोचायला पाऊण तास, गॅसच्या प्रेशरला अडीच तास. अशा दगडात टेंपरेचर स्थिर न ठेवता फ्लो मोजणं म्हणजे पालखी पुढे गेल्यावर मागून रस्ता झाडण्यासारखं आहे. मराठीत या विषयावर फार लिहिलेलं मिळत नाही, म्हणून हा आकडा तुम्ही स्वतः एकदा तुमच्या कोरसाठी काढून बघाच.

टेंपरेचरचा दुसरा चोर कन्फायनिंगच्या तेलात होता. कोरवर बाहेरून दाब देणारं हायड्रॉलिक ऑइल आम्ही पंपाने भरून व्हॉल्व्ह बंद करून ठेवायचो, पंपाला आराम म्हणून. बंद जागेतलं तेल तापलं की त्याला फुगायला वाव नसतो आणि प्रेशर भयंकर चढतं, आमच्याकडे एका दुपारी चार डिग्रीत अडीचशे पीएसआय चढलेलं वहीत आहे. त्याने शेलमधल्या बारीक भेगा मिटतात, परमिएबिलिटी खरोखरच कमी होते आणि वर कोर दाबला गेल्यामुळे आतल्या गॅसचं प्रेशरही हलतं. म्हणजे एकाच उन्हाने एकीकडे खोटी परमिएबिलिटी वाढत होती आणि दुसरीकडे खरी कमी होत होती, आणि आम्ही दोन्हींची बेरीज रिपोर्टमध्ये लिहीत होतो. उपाय साधा, पंप कॉन्स्टंट प्रेशर मोडवर सतत चालू ठेवायचा. बिघडला तर दुरुस्त करू.

आता मुख्य दुरुस्ती. एसीच्या मागे लागू नका. एसी माणसांसाठी असतो, तो खोली एक-दोन डिग्रीत ठेवतो आणि आपल्याला डिग्रीचा शंभरावा भाग पाहिजे.

सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात स्वस्त गोष्टीने झाला. दोन्ही भांडी टेबलाच्या दोन टोकांना होती, ती एकत्र आणली आणि ॲल्युमिनियमच्या एकाच जाड ठोकळ्यात बसवली, वर्कशॉपमध्ये दोन भोकं पाडून, मध्ये हीट सिंकची पेस्ट लावून. स्टेनलेस स्टीलपेक्षा ॲल्युमिनियम उष्णता दहापटीहून जास्त सहज पोचवतं, त्यामुळे आता तापली तर दोन्ही एकत्र तापतात. नुसत्या एवढ्यावर स्टीलच्या प्लगचा दुपारचा आकडा ३२ वरून ५ वर आला. ट्यूबिंग थोडी लांब झाली, तिचं व्हॉल्यूम परत मोजून फॉर्म्युल्यात टाका, विसरू नका.

मग पेटी. पहिली पेटी मासळी मार्केटमधून आणलेल्या थर्मोकोलच्या डब्यांची होती, बर्फ घालून मासळी येते तेच जाड डबे, धुऊन वाळवून उभे चिकटवले, आणि खरं सांगते दोन महिने त्यावरच काम केलं आणि उत्तम चाललं. नंतर प्लायवूडची पेटी करून आतून उष्णता अडवणारी पफ शीट लावली. आत एक छोटा हीटर पॅड, हवा फिरवायला कंप्युटरचा पंखा, आणि टेंपरेचर बघून हीटर कमी-जास्त करणारा पीआयडी कंट्रोलर. इथला मुद्दा नीट वाचा: सेट पॉइंट, म्हणजे कंट्रोलरला दिलेलं टेंपरेचर, खोलीच्या जास्तीत जास्त टेंपरेचरच्या वर ठेवायचा. आमची खोली लाइट गेल्यावर ३४ पर्यंत जाते, म्हणून पेटी ४० वर ठेवली. मग कंट्रोलरला फक्त तापवायचं काम उरतं, गार करायची गरजच पडत नाही, आणि गोव्याच्या दमट हवेत थंड नळ्यांवर जे पाणी सुटतं तेही बंद. आधी मी पेटी २५ वर ठेवायचा प्रयत्न केला होता, त्या महिन्यात फिटिंगवरचे थेंब पुसण्यातच वेळ गेला. एक करा, हीटरचा पॅड भांड्यांकडे थेट तोंड करून नको आणि थर्मोकोलला टेकलेला तर अजिबात नको, ते पेट घेतं. मध्ये एक पत्रा आडवा लावा.

मिथेनने टेस्ट करणाऱ्यांनी ही पेटी जशीच्या तशी वापरू नये, हे मी हात जोडून सांगते. बंद पेटीत मिथेन लीक झाला आणि आत हीटर, रिले, पंखा चालू आहे, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आमच्या ओळखीतले एक जण बेतूलला ओएनजीसीच्या इप्शेम या सेफ्टीच्या संस्थेत ट्रेनिंग घेऊन आलेत, त्यांनी पेटी बघितल्या बघितल्या पहिला प्रश्न हाच विचारला की आत गॅस कुठला. नायट्रोजन आणि हेलियमसाठी पेटी चालेल. मिथेनसाठी वॉटर बाथ बाहेर, मोकळ्या हवेच्या बाजूला ठेवून तिथलं कोमट पाणी कॉइलमधून आत फिरवा, म्हणजे तापवायला आत विजेचं काही लागत नाही.

दोन्ही भांड्यांवर, कोर होल्डरवर आणि खोलीत असे टेंपरेचरचे चार पीटी-१०० सेन्सर लावा आणि ते प्रेशर नोंदवणाऱ्या लॉगरलाच जोडा. वेगळ्या मीटरवर टेंपरेचर बघून वहीत लिहिण्याचा काही उपयोग नाही, प्रेशर आणि टेंपरेचर एकाच वेळेच्या अक्षावर दिसले तरच डोळ्याला कळतं. काही जण म्हणतील की सेन्सर आहेत तर मग प्रेशरला टेंपरेचरने भागून करेक्शन करून टाकू, पेटी कशाला. मी केलंय ते, नीट होत नाही, कारण सेन्सर भांड्याच्या बाहेरच्या अंगाचं टेंपरेचर सांगतो, आतल्या गॅसचं नाही, आणि ट्यूबिंगमधल्या गॅसचं तर कोणीच सांगत नाही. स्थिर पेटीत उरलेला बारीक फरक काढायला करेक्शन ठीक आहे, त्यापलीकडे नको.

पल्स दिल्या दिल्या पहिली काही मिनिटं सोडून द्या. गॅस जोरात भरला की दाबल्याने तापतो आणि मग गार होताना प्रेशर उतरतं, ते लीकही नसतं आणि फ्लोही नसतो. आम्ही आता १५ मिनिटं सोडतो. आणि फॉर्म्युल्यात गॅसची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ४० डिग्रीची टाका, जुन्या शीटमध्ये २५ ची तशीच राहून जाते.

जूनमध्ये लाइट जाण्याचा वेगळा ताप आहे. दहा सेकंद लाइट गेली तरी आमचा कंट्रोलर रीसेट होऊन सेट पॉइंट शून्यावर जायचा आणि सकाळी पेटी गार सापडायची, २० तासांची टेस्ट पाण्यात. कंट्रोलर आणि लॉगरला छोटा यूपीएस लावला, हीटरलाही त्याच्यावर घेतलं, तो जेमतेम ४० वॅटचा आहे.

कोणी म्हणेल हे सगळं लॅबपुरतं, आणि गोव्यात तर तेल-गॅस निघतही नाही. पण आमच्याकडे कोर येतात ते गुजरातमधल्या खंबातच्या बाजूचे, आणि तिथे विहिरीवरही दोष याच जातीचा असतो. फ्रॅकिंगच्या, म्हणजे पाण्याच्या दाबाने दगडाला भेगा पाडण्याच्या, आधी थोडं पाणी आत सोडून विहीर बंद करतात आणि प्रेशर कसं उतरतं ते तासन् तास बघतात. खाली दगड शंभर डिग्रीच्या वर, आणि आपण सोडलेलं पाणी तीस डिग्रीचं. बंद केल्यावर ते पाणी तापत राहतं, फुगतं, आणि वरच्या गेजवर प्रेशर उतरण्याचा वेग खोटाच कमी दिसतो. दगड जितका टाइट तितकं उतरणं सावकाश आणि तितकीच ही चूक मोठी. म्हणून जमेल तिथे गेज खाली सोडतात. त्यातच ३० डिग्रीच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी १०० डिग्रीला जवळपास एक-तृतीयांश होते, म्हणजे कुठल्या टेंपरेचरचं पाणी धरलं त्यावर परमिएबिलिटीचं उत्तर तिप्पट हलू शकतं. ज्या पोरांनी पुढे फील्डवर जायचंय त्यांनी ही चूक लॅबमध्येच बघून घ्यावी, तिथे ती स्वस्तात बघता येते.

आमची आजची स्थिती अशी: पेटीत दोन्ही भांड्यांतला फरक डिग्रीच्या दोन शतांशाच्या आत, स्टीलच्या प्लगचा २४ तासांचा आकडा एक नॅनोडार्सीच्या खाली, आणि तोच जुना कोर सकाळी, दुपारी, रात्री कधीही लावा, १७ ते १९. स्टीलचा प्लग आता ड्रॉवरमध्ये पडून नसतो, दर नवीन बॅचच्या आधी एक पूर्ण दिवस त्यालाच देतो आणि त्याचा ग्राफ रिपोर्टच्या पहिल्या पानावर लावतो. टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून सरकवलं तेव्हा काका स्वतः एका बाजूने धरायला आले होते.

तुमचा कर्व्ह एवढं करूनही हलत असेल तर दोन्ही प्रेशर आणि चारही टेंपरेचर एका ग्राफवर काढून कमेंटमध्ये टाका, किती सीसीची भांडी आणि कुठला गॅस तेही लिहा, आणि भांडी खोलीत कुठे ठेवलीत त्याचा एक फोटो, भिंत आणि एसी दिसेल असा.